सायरन गप्प केला तरी बॅटरी उतरतच राहिली: अलार्म, पावसाळा आणि नवी बॅटरी

चिपळूणला बाबांकडे असलेली आमची गाडी लागोपाठ दोन पावसाळ्यांत बॅटरीपायी बंद पडली. पहिल्या वर्षी एकदा आणि दुसऱ्या वर्षी जून ते ऑगस्टमध्ये तीनदा. साधी पेट्रोल हॅचबॅक आहे, हाताचा गिअर, ३५ अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर करंट साधारण ३५ तास पुरेल एवढी) बॅटरी. सायरनवाला अलार्म कंपनीचा नाही, नंतर बाहेरून बसवून घेतलेला. दर वेळी तेच व्हायचं. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणायचे, बॉनेटखालून टकटक आवाज यायचा आणि सेल्फ काही उचलायचा नाही.

पहिल्या वर्षी बॅटरी चार वर्षांची झाली होती, त्यामुळे कुणी जास्त विचार केला नाही. नवी आणली. दिवाळीपासून मेपर्यंत गाडी एकदाही अडली नाही. पुढच्या जूनमध्ये अकरा महिन्यांची बॅटरी एका सकाळी पूर्ण बसली. मग प्रत्येक जण आपापलं निदान सांगू लागला: बॅटरीच खराब निघाली, डायनॅमो चार्ज करत नाही, गाडी रोज चालवत नाही म्हणून, म्युझिक सिस्टीम करंट खाते. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, म्हणूनच नुसत्या अंदाजावर पैसे घालवू नयेत. आमचं खरं कारण यातलं एकही नव्हतं. ते सापडायला मीटर लागला, आणि एका रात्री गावची लाईट जावी लागली.

आकडे आधी डोक्यात ठेवा

गाडीच्या बॅटरीत सहा खाने असतात आणि प्रत्येक खाना साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण भरलेली, काही तास निवांत पडलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखवतेय, म्हणजे ठीक आहे’ असं मी गॅरेजमध्येही ऐकलंय. ते चूक आहे. बारावर आलेली बॅटरी जवळजवळ रिकामी असते.

इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसले, हेडलाइट आणि एसी लावूनही तेरा-साडेतेराच्या खाली गेले नाहीत, तर डायनॅमोवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. आणि सेल्फ मारत असताना आकडा क्षणभर खाली येतो, तो ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीही त्याच्या खाली जात असेल तर तिच्यात दम उरलेला नाही.

चौथा आकडा या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा. बंद, कुलूपबंद गाडीही थोडा करंट घेतच असते. घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, रेडिओची मेमरी, इंजिनाचा कॉम्प्युटर, अलार्म, सगळे थोडं थोडं घेतात. गाडी नीट झोपल्यावर ही बेरीज बहुतेक गाड्यांत ५० मिलिअँपिअरच्या आत असते. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. ३५ ची बॅटरी या वेगाने अर्ध्यावर यायला दोन आठवडे लागतात. हाच करंट २५० मिलिअँपिअर झाला तर दिवसाला ६ अँपिअर-अवर जातात आणि तीन दिवसांत बॅटरी अर्धी होते. तुमची गाडी किती दिवस उभी राहिल्यावर बसते, यावरूनच चोर किती मोठा आहे याचा अंदाज बांधता येतो. आमची गाडी तीन रात्रींत बसत होती.

(फास्टॅगबद्दल मला दोघा-तिघांनी विचारलं म्हणून सांगते. त्याला गाडीच्या बॅटरीची वायरच नसते. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवर तो चालतो. त्याचा यात काही संबंध नाही.)

मीटरने काय सांगितलं, आणि कुठे चकवलं

ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार धरून मी पुण्याहून गेले ते मल्टीमीटर घेऊनच. आदल्या दिवशी बॅटरी काढून चार्जरवर लावून ठेवायला बाबांना सांगितलं होतं. पूर्ण बसलेली बॅटरी बाजारात जाऊन येण्याच्या वीस मिनिटांत भरत नाही. ३५ ची बॅटरी तीन-साडेतीन अँपिअरच्या चार्जरवर भरायला दहा-बारा तास लागतात. पावसात मध्येच लाईट जाते, तेव्हा चार्जर किती तास खरंच चालू होता हे लिहून ठेवा, नाहीतर अर्धवट भरलेल्या बॅटरीवर सगळे प्रयोग होतात आणि निष्कर्ष चुकतात.

चार तास निवांत ठेवल्यावर बॅटरीने १२.३८ दाखवले. म्हणजे पूर्ण भरूनही ती वर गेली नाही. ही पहिली वाईट खूण. गाडी चालू केल्यावर १४.२ व्होल्ट, म्हणजे डायनॅमो निर्दोष.

मग बंद गाडीचा करंट मोजायला घेतला. हे काम अवघड नाही, पण घाईत मीटर जळतो, म्हणून पद्धत सविस्तर सांगते. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या वेगळ्या सॉकेटमध्ये घालायची. बॅटरीच्या मायनसची केबल १० नंबरच्या पान्याने सैल करायची, ती केबल आणि मायनसचा खांब यांच्यामध्ये मीटर जोडायचा. म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जातो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडतो. हेडलाइटही लावायचे नाहीत.

केबल सुटली की गाडीचे कॉम्प्युटर बंद होतात आणि परत जोडल्यावर सगळे एकदम जागे होतात, म्हणून पहिल्या पाच मिनिटांतला आकडा धरू नका. आमच्याकडे तो सुरुवातीला २.१ अँपिअर होता, थोड्या वेळाने ०.४, आणि तिसाव्या मिनिटाला ०.०२८ वर स्थिरावला. काही नव्या गाड्यांना झोपायला पाऊण तास लागतो. बॉनेट उघडं असलं तरी त्याच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर दाबून लॅच बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट लागल्यासारखं वाटतं. दरवाजे बंद, आणि बटणाने चालू होणारी गाडी असेल तर चावी घरात लांब ठेवा. चावी जवळ असली की गाडी पुन्हा पुन्हा जागी होते.

२८ मिलिअँपिअर. म्हणजे अगदी नमुनेदार गाडी. मी बाबांना म्हटलं, “बाबा, गाडीत काही दोष नाही. बॅटरीच गेली आहे.” आणि तिथे मी चुकले.

मी मोजलं होतं दुपारी दोन वाजता, पाऊस थांबलेला असताना, बॉनेट उघडं ठेवून. दोष यायचा रात्री, पाऊस चालू असताना, बॉनेट लागलेलं असताना. ज्या परिस्थितीत आजार दिसतो त्या परिस्थितीत न मोजता दिलेलं ‘नॉर्मल’ काहीच सिद्ध करत नाही. पावसाळ्यातच गाडी अडते हा धागा आमच्या डोळ्यांसमोर दोन वर्षं होता, आणि आम्ही मागे लागलो होतो बॅटरीच्या.

लाईट गेली त्या रात्री

अंगणात बाबा रात्रभर एक दिवा चालू ठेवतात. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली असते. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास जोराची सर आली आणि लाईट गेली. मी ओटीवर उभी होते. गडद अंधारात ताडपत्रीच्या कडेने पिवळा उजेड लुकलुकताना दिसला. अर्धा मिनिट लुकलुकला, थांबला. दीडेक मिनिटाने परत सुरू. आवाज मात्र शून्य.

बाबांना उठवलं. ते म्हणाले, “अगं, मागच्या वर्षी रात्री-अपरात्री ओरडायचा म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली. तेव्हा सायरनची वायर काढून टाकली ना आपण!”

वायर सायरनची काढली होती. अलार्मचा डबा, त्याचे सेन्सर, इंडिकेटर पेटवणारा रिले, सगळं जिथल्या तिथे चालू होतं. म्हणजे तेव्हापासून पावसाच्या रात्री अलार्म वाजतच होता, फक्त ऐकू येत नव्हता. अंगणातल्या दिव्यामुळे दिसतही नव्हता.

हिशोब मांडला तेव्हा सगळं जुळलं. चार इंडिकेटर २१ वॅटचे आणि बाजूचे दोन ५ वॅटचे, मिळून ९४ वॅट. बारा व्होल्टला हे जवळजवळ ८ अँपिअर होतात. लुकलुकताना निम्मा वेळ बंद असतात, म्हणून सरासरी ४. दर दोन मिनिटांत अर्धा मिनिट हे चालू, म्हणजे चौथा हिस्सा, सरासरी १ अँपिअर. पावसाच्या रात्री दहा तास असं झालं की १० अँपिअर-अवर गेले. ३५ च्या बॅटरीची तिसऱ्या सकाळी काय अवस्था असेल ते सांगायला नको. सायरन जोडलेला असता तर त्याचा करंट वेगळा.

म्हणून तुमच्या गाडीचा अलार्म कटकट करत असेल तर सायरन तोडू नका. तो एकटाच तुम्हाला खरं सांगत असतो. अलार्म नकोच असेल तर पूर्ण डबा बंद करा. बाहेरून बसवलेल्या अलार्मच्या बॅटरीकडून येणाऱ्या लाल वायरवर बहुतेक वेळा छोटा फ्यूज असतो, तो काढला की झालं. मात्र अलार्मने सेल्फची किंवा पेट्रोल पंपाची लाईन अडवलेली असेल तर फ्यूज काढल्यावर गाडी चालू होत नाही. हा प्रयोग घरी, अंगणात करा, प्रवासात नको.

अलार्म उगाच का वाजतो

आमच्याकडे सकाळी बॉनेट उघडलं आणि त्याच्या कडेला बसवलेला पिन स्विच बघितला. एक स्प्रिंगवाला खिळा असतो, बॉनेट बंद झालं की तो दाबला जातो आणि जोड तुटते. बॉनेट उघडलं की खिळा वर येतो, वायर बॉडीला अर्थ होते आणि अलार्मला समजतं की कुणीतरी बॉनेट उघडलं. आमच्या स्विचवरची रबरी टोपी फाटली होती, आत हिरवट-तांबूस गंज होता. कोरड्या हवेत तो गुपचूप असे. पावसाचं पाणी आत गेलं की गंजातून करंट बॉडीकडे झिरपायचा आणि अलार्मला बॉनेट उघडल्यासारखं वाटायचं. माझ्या दुपारच्या मोजणीत बॉनेट आधीपासूनच उघडं होतं. आमचा अलार्म लावतानाच उघडा असलेला स्विच सोडून देतो, त्यामुळे दोष त्या अर्ध्या तासात दिसणंच शक्य नव्हतं. लॅचमधला स्क्रूड्रायव्हर या वेगळ्या स्विचला काय फसवणार!

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवेत खारटपणा असतो. इथे पहिला संशय याच स्विचवर घ्यावा. दुसरा, दरवाज्यांच्या आणि डिक्कीच्या स्विचवर. डिक्कीचा स्विच नीट दाबला जात नसेल तर आतला दिवाही रात्रभर जळतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. फोनचा व्हिडिओ चालू करून फोन डिक्कीत ठेवा, डिक्की बंद करा, एक मिनिटाने काढून बघा. तिसरा संशय धक्का ओळखणाऱ्या सेन्सरवर. शेडवर माड असेल, पत्र्यावर झावळ पडत असेल, शेजारून एसटी जात असेल आणि सेन्सर फार तीव्र ठेवला असेल, तर गाडी रात्रभर दचकते. डब्यावर किंवा सेन्सरवर छोटा स्क्रू असतो, त्याने तीव्रता कमी करता येते. चौथे, उंदीर. पावसाळ्यात उबेसाठी इंजिनाजवळ येतात आणि वायर कुरतडतात. आणि २०२१ च्या जुलैतल्या पुरात बुडालेली गाडी कुणी नंतर विकत घेतली असेल, तर सीटखालचे आणि पायाखालचे वायरींचे जोड एकदा उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

अजून एक गोष्ट मोठी फसवी आहे. बॅटरी कमकुवत झाली की काही अलार्म त्यामुळेच वाजतात. जुन्या पद्धतीचे अलार्म व्होल्टेज अचानक पडलं की दरवाजा उघडून आतला दिवा लागला असं समजतात. काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. गाडीची वायर कुणी तोडली किंवा व्होल्टेज फार पडलं की सायरन तिच्यावर ओरडतो. ती छोटी बॅटरी काही वर्षांनी मरते आणि मग तिच्यापायी सायरन विनाकारण वाजतो किंवा तिला चार्ज करण्याच्या नादात सतत करंट खात राहतो. म्हणजे अलार्म बॅटरी उतरवतो आणि उतरलेली बॅटरी अलार्म वाजवते. आधी कुठलं हे ओळखायचं असेल तर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घेतल्याशिवाय अलार्मची तपासणी सुरूच करू नका.

मीटर जोडायची भीती वाटत असेल तर दोन-तीन रात्रींचा सोपा प्रयोग करा. व्होल्टेज बघता येणारा कुठलाही साधा मीटर चालतो. संध्याकाळी गाडी बंद केल्यावर हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद करा, म्हणजे चार्जिंगमुळे वर आलेला खोटा आकडा खाली बसतो. दोन तासांनी व्होल्टेज लिहा. पहिल्या रात्री रिमोटने अलार्म लावून गाडी ठेवा, सकाळी दार उघडण्याआधीच बॉनेटजवळ व्होल्टेज घेता येईल अशी सोय करा. दुसऱ्या रात्री अलार्म न लावता, नुसत्या चावीने दार लावा. एका रात्रीत ०.०५ च्या आसपास फरक पडला तर सोडून द्या. अलार्मच्या रात्री ०.२ पडतात आणि बिनअलार्मच्या रात्री पडत नाहीत, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

करंट सतत जास्तच राहत असेल, म्हणजे थांबून थांबून नाही, तर कुठला फ्यूज ते शोधा. फ्यूज उपसत बसण्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर पिना टेकवा. करंट वाहत नसेल तर शून्य येतं. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला तर त्यातून साधारण सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर जात आहेत. गाडी झोपलेलीच राहते, हा याचा फायदा. नंतर जोडलेल्या वस्तू आधी बघा: पार्किंगमध्येही रेकॉर्ड करणारा डॅशकॅम, कर्जाच्या वेळी बसवलेला जीपीएस ट्रॅकर, अँप्लिफायर. डॅशकॅमचा पार्किंग मोड कित्येकदा एकटाच २००-३०० मिलिअँपिअर घेतो.

आमचा पिन स्विच तिथल्याच ऑटो इलेक्ट्रिशियनकाकांकडे शंभर-दीडशे रुपयांत मिळाला. त्यांनी जुन्या जागेचा गंज पॉलिश पेपरने घासला, नवा स्विच बसवून त्यावर नवी रबरी टोपी घातली आणि वायरच्या जोडावर व्हॅसलिन लावलं. सायरन परत जोडला. तो आग्रह माझा होता.

नवी बॅटरी: दुकानात काय बोलायचं

मूळ दोष गेला, पण बॅटरी वाचली नाही. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटींवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. आमच्या बॅटरीने हे तीनदा सोसलं होतं. पूर्ण भरूनही सेल्फ मारताना ती ८.९ वर येत होती. वॉरंटीत गेलो तर कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख नव्हती. पहिल्या वर्षी भर पावसात घाईने आणली, तेव्हा ते राहूनच गेलं होतं. ते असतं तरी एक गोष्ट माहीत हवी: ‘बॅटरी उतरली’ हा वॉरंटीत दोष मानत नाहीत. भरून, तपासून परत देतात. खाना मेला असेल तरच बदलून मिळते. म्हणून गाडीतला चोर न पकडता वॉरंटीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

दुकानदार सहज म्हणतात, “३५ च्या ऐवजी ४५ टाका, टेन्शन मिटेल.” मोठी बॅटरी चोरी थांबवत नाही. तीन रात्रींऐवजी चार रात्रींनी गाडी अडेल, एवढंच. ट्रेमध्ये नीट बसत असेल, क्लॅम्प घट्ट आवळता येत असेल, तर एक पायरी वर जायला हरकत नाही. गाडी आठवडाभर उभी राहत असेल तर थोडा फायदाही होतो. पण हलणारी बॅटरी खड्ड्यांत प्लेटी पाडते. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

जुन्या बॅटरीवरचा कोड उतरवून घ्या. लहान पेट्रोल गाड्यांत ‘३८ बी २० एल’ हा फार दिसतो. पहिला आकडा ताकदीचा, ‘बी’ रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर लांबी आणि शेवटचं ‘एल’ किंवा ‘आर’ प्लस-मायनस कुठल्या बाजूला ते सांगतं. या शेवटच्या अक्षरात चूक झाली तर केबल पोहोचत नाही. कुणी बॅटरी उलटी फिरवून केबल ओढून बसवली आणि प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर डायनॅमोचे डायोड आणि कॉम्प्युटर जातात. काही कोडच्या शेवटी ‘एस’ असतो, म्हणजे खांब जाड. युरोपीय धाटणीच्या गाड्यांना डिन प्रकारची बॅटरी लागते, तिचे खांब झाकणाच्या पातळीत खाली असतात आणि पकड तळाशी असते. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डिझेल गाड्यांना ६० ते ८० अँपिअर-अवरची बॅटरी लागते, तिथे काटकसर करू नका.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर कंपनीने दिलेल्याच जातीची, म्हणजे ईएफबी असेल तर ईएफबी आणि एजीएम असेल तर एजीएम घ्या (वारंवार चालू-बंद सोसणाऱ्या बॅटऱ्यांचे हे दोन प्रकार). साधी बॅटरी तिथे लवकर मरते. अशा गाड्यांच्या मायनस टर्मिनलवर बहुधा एक सेन्सर असतो. डॅशकॅम-अलार्मची अर्थ वायर थेट खांबाला न जोडता बॉडीला जोडा, नाहीतर तो करंट सेन्सरला दिसतच नाही. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावीही लागते.

बॅटरीवरचा कोल्ड क्रँकिंगचा आकडा, म्हणजे थंडीत ती सेल्फला किती करंट देऊ शकते तो, उणे १८ अंशांना मोजलेला असतो. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, पण एकाच मापाच्या दोन बॅटऱ्यांत सेल्फला जोर कुणाचा जास्त ते त्यावरून समजतं. आपल्याकडे बॅटरी खरी मरते उकाड्याने. नागपूर-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत पाणी उडतं आणि प्लेटी लवकर झिजतात. तिकडे गाडी सावलीत ठेवण्याला ब्रँडपेक्षा जास्त किंमत आहे. ब्रँडबद्दल मी वाद घालणार नाही. एक्साइड, अमेरॉन, एसएफ सोनिक, टाटा ग्रीन, जे तुमच्या गावात सर्व्हिस देतात ते घ्या. बंदिस्त, देखभाल न लागणारी घ्यावी असं माझं मत आहे, कारण बाबांना वाकून पाणी बघणं जमत नाही.

दोन गोष्टी मात्र दुकानातच करा. तयार झाल्याची तारीख विचारा, प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा असतो, दुकानदाराकडून वाचून घ्या. तीन महिन्यांच्या आतली उत्तम, सहा महिन्यांपुढची नको. आणि काउंटरवर व्होल्टेज बघा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. मीटर बाहेर काढला की कुणाला राग येत नाही, उलट बोलणं नेमकं होतं. वॉरंटी विचारताना एकूण महिने विचारू नका, फुकट बदलून किती महिने मिळेल ते विचारा. ५५ महिन्यांतले ३० फुकटचे आणि पुढचे २५ घटत्या सवलतीचे, अशी विभागणी असू शकते. कार्डावर शिक्का, तारीख, गाडीचा नंबर, सगळं समोर लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो काढा. जुनी बॅटरी तिथेच द्या. तिची किंमत बिलातून वजा होते आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती पुनर्वापराकडे जायला हवी. भंगारवाल्याला देऊ नका, त्यात शिसं आणि आम्ल असतं.

बसवताना काढायचा मायनस आधी, जोडायचा मायनस शेवटी. प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असला तर ठिणगीचा लोळ उठतो. बदलण्याआधी रेडिओला कोड लागतो का ते बघून ठेवा. काचांचे बटण एकदा वर-खाली पूर्ण दाबून ठेवावे लागू शकते. आणि रस्त्यात जंप मारायची वेळ आलीच तर लाल क्लिप दोन्ही प्लसना, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, शेवटची काळी बसलेल्या बॅटरीला नको, त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्यापासून लांब पडलेली बरी.

नवी बॅटरी बसवून आल्यावर बाबांना व्होल्टेजचा एक छोटा मीटर दिला. ते सकाळी दूध आणायला जाताना बॉनेट उघडतात आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितात. सप्टेंबरात सलग आठ दिवस पाऊस होता, गाडी जागची हलली नव्हती, अलार्म रोज लावलेला होता. नवव्या दिवशीच्या चौकोनात १२.५१ लिहिलं आहे. सायरन त्या आठ दिवसांत एकदा वाजला. बाबा टॉर्च घेऊन गेले तर गाडीवर मांजर होतं.